बंदूक मागणाऱ्या मेंढेबाई

मेंढेबाईंना कुणी नमस्कार केला तर त्या उलट नमस्कार करत नसत. आधी समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघत आणि मग विचारत, "झोप झाली?" शाळेचा शिपाई असो, दूधवाला असो की तपासणीला आलेले साहेब असोत, सगळ्यांना हेच. साहेबांना हिंदीतून. "नींद हुई, साहब?" साहेब गोंधळून "हाँ, हाँ" म्हणत. आम्ही तरुण शिक्षिका पदराआड हसायचो. विचारून झालं की बाई उत्तराकडे फारसं लक्ष देत नसत. त्या डोळ्यांखाली बघत.

मी बालाघाटला आले ती लग्न होऊन. राज्यांची वाटणी नुकतीच झाली होती. नागपूरचं माझं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, असं होऊन बसलं होतं. यजमान बांधकाम खात्यात, सतत दौऱ्यावर. घरात करमेना म्हणून मी मुलींच्या शाळेत नोकरी धरली. तिथे अनसूयाबाई मेंढे मराठी माध्यमाचे वर्ग घेत. वय चाळिशीच्या आसपास असेल. उंच, काटक, सावळ्या, कपाळ मोकळं. नऊवारी लुगडं घोट्याच्या जरा वरच. चालणं असं झपाझप की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी.

फार मायाळू होत्या असं मात्र नाही. मुलीला पाढा आला नाही तर चालायचं, पण ती खोटं बोलली तर बाईंचा हात उठायचा. उपासतापास त्यांना पटत नसत. आम्ही चतुर्थीला साबुदाण्याचे डबे उघडले की म्हणायच्या, "हे उपाशी राहनं हाय का जेवनं हाय, एकदा ठरवा." कमरेला तंबाखूची छोटी डबी असायची आणि ती त्या कुणापासून लपवत नसत. सिनेमाचा नाद तर विचारू नका. नवा खेळ लागला की रविवारी दुपारी एकट्या जाऊन बसायच्या. विधवा बाईने एकटीने टॉकीजमध्ये बसावं, यावर गावात बोललं जायचं. त्या बोलण्याची त्यांना खबरही नसावी.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. खेळ रंगात आला, पडद्यावर कुणीतरी पिस्तूल काढलं आणि बाई उठून बाहेर निघून गेल्या. मला वाटलं, लघवीला गेल्या असतील. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी बाहेर आले. त्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून फुटाणे खात होत्या.

"संपलं का?" त्यांनी विचारलं.

"काय संपलं?"

"ठो-ठो."

म्हटलं, अजून चालू आहे. "मंग बस अथी," म्हणाल्या आणि माझ्या ओंजळीत फुटाणे ओतले. बहुतेक सिनेमांत ठो-ठो शेवटी असायचं. त्यामुळे बाईंनी पाहिलेल्या कित्येक सिनेमांचा शेवट त्यांना माहीतच नव्हता. सोमवारी वर्गातल्या मुलींना विचारून घ्यायच्या, "तो हिरो वाचला का मंग?"

या सगळ्याचं कारण मला वर्षभराने कळलं, सुभेदारांच्या ओट्यावर.

सुभेदार म्हणजे आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील. फौजेतून निवृत्त होऊन आले होते, दूरदेशी लढाईवर गेलेले. घर वैनगंगेच्या बाजूला, मागे थोडी शेती. ती मुलगी वर्गात बसल्या बसल्या पेंगायची. मेंढेबाईंनी तिला मारलं नाही, रागावल्या नाहीत. मधल्या सुटीत बाजूला घेऊन विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबा रातभर ओट्यावर बसते. बंदूक घेऊन. कोनी येईन म्हनते. आई जागी राह्यते, म्हून मी बी जागी राह्यतो."

रविवारी सकाळी बाई माझ्या दारात. "चल, कुमुद. मले एकटीले जाता येत नाही." त्यांना एकटीला कुठेही जाता येत होतं, हे मला माहीत होतं. पण बाई आणि तिच्यासोबत दुसरी बाई असली की माणूस बंदूक असलेल्या हाताने अंगावर ओरडत नाही, असा त्यांचा हिशेब होता. हे त्यांनी मला पुष्कळ पुढे सांगितलं.

सुभेदार ओट्यावर खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मांडीवर दुनळी बंदूक, रस्त्याकडे तोंड करून. बाईंनी पाणी मागितलं, ओट्याच्या कडेला बसल्या, धानाच्या पिकाचं बोलल्या, डुकरांच्या त्रासाचं बोलल्या आणि निघाल्या. बंदुकीचं नावही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. मला वाटलं, यातून काय निघणार? तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "सुभेदार, माह्या मालकाची बी होती. एका नळीची."

सुभेदारांनी पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

मग बाईंनी सांगितलं, ते मीही सुभेदारांबरोबरच पहिल्यांदा ऐकलं. बाईंचं सासर तिरोडीच्या बाजूला, घरची मोठी शेती. नवरा विठ्ठलराव, हसरा माणूस, भजनात खंजिरी वाजवणारा. एका उन्हाळ्यात तो हसायचा थांबला. जेवेना, झोपेना, शेतावर जाईना. घरचे म्हणाले, बाहेरचं आहे. अंगारे-धुपारे झाले, कोंबडं कापून झालं. तो मात्र रोज दुपारी खुंटीवरची बंदूक काढून पुसत बसायचा. पुसलेलीच पुन्हा पुसायचा. बाईंना कुणी काही शिकवलं नव्हतं. पण त्यांनी एक दिवस ती बंदूक उचलली आणि धानाच्या कोठीत खोल पुरून ठेवली.

"सासऱ्यानं हुडकली," बाई म्हणाल्या. "मले म्हनते, घरची बंदूक धानात घालते? आपली इज्जत हाय ते. अन् परत खुंटीले लावली. मी पाया पडली त्याइच्या. म्हटलं, मामाजी, माहं ऐका. नाई ऐकलं."

बाई पुढे बोलल्या.

"तिरोडीले खदान हाय. सुरुंग उडाला का घरातले भांडे वाजत. त्या दुपारी आवाज झाला, तं सारे म्हने, सुरुंग उडाला. मी चूल सोडून पयाली. सुरुंगाचा आवाज पायातून येते, सुभेदार. हा कानातून आलता."

आतून सुभेदारांच्या बायकोचं भांडं घासणं थांबलं होतं.

"लोकायले सांगतलं, साफ करता करता सुटली," बाई म्हणाल्या. "मले म्हने, तू बी असंच सांग. मी नाई सांगतलं. साफ करता करता नाही सुटली. त्याइनं सोडली. ते बिमार व्हते, अन् बिमार माणसाच्या हाताशी आमी बंदूक ठेवली." एवढ्यावरच सासरने त्यांना घराबाहेर काढलं होतं. त्यानंतर त्या शिकल्या, नोकरीला लागल्या. पण तो भाग त्यांनी सुभेदारांना सांगितला नाही. त्या म्हणाल्या, "द्या ते बंदूक. बरं वाटलं का वापस घेजा."

बंदूक बाईंना देता येत नव्हती. तसा कायदाच होता. परवाना ज्याचा, त्यानेच ती ठाण्यात नेऊन जमा करायची. सुभेदार बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "थान्यात विचारतीन, काहून जमा करता. मी का सांगू?"

"सांगा, मन बरं नाही."

"फौजी माणूस असं सांगन?"

"ताप आला असता तं सांगतलं असतं का नाई?"

आम्ही तिघं ठाण्यात गेलो. सुभेदार पुढे, बंदूक खांद्याला, पाऊल फौजेतलंच. तिथल्या कारकुनाने, मुन्शीने, विचारलं, "काहे के लिए जमा कर रहे हैं?" सुभेदारांच्या मानेवर घाम आला. ते म्हणाले, "तबियत ठीक नहीं है."

मुन्शी हसला. "अरे साहब, तबियत का बंदूक से क्या लेना-देना?"

सुभेदार टेबलाकडे बघत म्हणाले, "लेना-देना है."

मुन्शीचं हसणं गेलं. त्याने मुकाट्याने बंदूक ताब्यात घेतली. सुभेदार बाहेर आले आणि ठाण्याच्या आवारातल्या आंब्याखाली उभे राहून लहान मुलासारखे रडले. बाई त्यांच्याकडे पाठ करून, छत्री उघडून उभ्या राहिल्या, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसू नये. सिव्हिल इस्पितळातल्या डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या, नागपूरला जायला सांगितलं, ते गेलेही. आठ-दहा वर्षं सुभेदार मला बाजारात दिसत राहिले, हातात भाजीची पिशवी घेऊन. बंदूक त्यांनी परत आणली नाही.

मग हे सुरूच झालं. कुठल्या घरात कुणी गप्प झालं, कुणी रात्री फिरायला लागलं, कुणाला शेजारी आपल्यावर टपलेत असं वाटायला लागलं आणि त्या घरात बंदूक असली, की बाई तिथे पोचायच्या. आमच्या भागात जंगल म्हणून बंदुका पुष्कळ. पिकाच्या राखणीच्या, शिकारीच्या, नुसत्या भिंतीवर शोभेच्या. काही लोक द्यायचे. काही हाकलून लावायचे. एका वकिलाने अंगावर कुत्रं सोडलं होतं. लोक त्यांना "बंदूकवाली बाई" म्हणायला लागले. एकदा शाळेच्या दारात कुणीतरी पोराने ओरडून विचारलं, "बाई, गुलेर पाह्यजे का?" बाईंनी त्याला बोलावून घेतलं, त्याची गुलेर, म्हणजे बेचकी, हातात घेऊन नीट बघितली आणि परत दिली. "लाकूड चांगलं हाय," म्हणाल्या.

आता पुष्पाचं सांगायला पाहिजे. ते लिहायचं मी फार दिवस टाळलं.

पुष्पा आमचीच विद्यार्थिनी. वडील तहसील कचेरीत शिपाई होते, ते गेले, आणि आई गिरजाबाईने शिवणकाम करून तिला शिकवली. गोरटेली, बोलकी, टपोऱ्या अक्षराची. मेंढेबाई तिच्या अंगावर सगळ्यात जास्त ओरडायच्या, यावरूनच काय ते समजावं. वारासिवनीच्या सार्व्यांनी तिला मागणी घातली तेव्हा गिरजाबाईला स्वर्ग दोन बोटं उरला. सार्व्यांची राइस मिल, घरी जीप, मुलगा रमेश नागपूरला शिकलेला. आम्ही सगळ्या लग्नाला गेलो होतो. रमेश देखणा होता, वागायला नम्र. मेंढेबाईंच्या पाया पडला होता.

दुसऱ्या वर्षी पुष्पा पोळ्याला माहेरी आली आणि बाईंना भेटायला शाळेत आली. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि वर्ग माझ्यावर सोपवून तिला घेऊन कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. रमेश झोपत नव्हता. जेवणात कुणीतरी काही कालवतं म्हणायचा. मिलच्या धुराड्यातून माणसं बोलतात, पुष्पाचं नाव घेऊन बोलतात, म्हणायचा. मग पुष्पाला विचारायचा, कोण आहेत ते? ती म्हणायची, कुणी नाही. तो म्हणायचा, खोटं बोलतेस. नंतर स्वतःच रडायचा, तिच्या पायावर डोकं ठेवायचा. आणि अलीकडे बंदूक घेऊन मिलमध्ये फिरायला लागला होता.

पुष्पा सासरी परतली आणि बाई त्याच आठवड्यात वारासिवनीला निघाल्या. मीही गेले. मिलच्या आवारात उकडलेल्या धानाचा वास, तुसाचे ढीग. म्हाताऱ्या सार्व्यांनी आमचं स्वागत चांगलं केलं. चहा आला, चिवडा आला. बाईंनी चहाला हात न लावता सांगितलं. सगळं सरळ सांगितलं.

सार्वे ऐकून घेत होते. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की यातलं काहीही त्यांना नवीन नाही.

"बाई, पोरगा जरा तापट हाय," ते म्हणाले.

"तापट नाही. बिमार हाय. नागपूरले दाखवा त्याले. अन् बंदूक थान्यात ठेवा, आजच ठेवा."

"नागपूरले? याडाच्या दवाखान्यात?" सार्व्यांचा आवाज खाली आला. "बाई, घरात लग्नाची पोरगी हाय माही. सार्व्याच्या पोराले याड लागलं, असं एकदा झालं का कोन येईन दारात? अन् बंदूक आमच्या आजापासूनची. दसऱ्याले पुजतो आमी. ते थान्यात ठेवली का अख्खी वारासिवनी विचारीन."

"मंग पुष्पाले माह्यासंगं पाठवा."

"सून हाय ते आमच्या घरची."

पुष्पा आतल्या दाराशी उभी होती. डोक्यावर पदर, हातात रिकामा ट्रे. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिच्या हाताला धरून म्हणाल्या, "चलते का?" पुष्पाने सासऱ्यांकडे बघितलं, मग वर माडीकडे, रमेशच्या खोलीकडे बघितलं. म्हणाली, "मी गेली तं त्याइले कोन जेवाले घालीन? माह्याच हातचं खातेत ते."

बाई बसमधून बालाघाटला उतरल्या त्या सरळ गिरजाबाईकडे गेल्या, आणि तिला दुसऱ्या दिवशी लेकीला आणायला पाठवलं. गिरजाबाईने आणलीही. चार-सहा दिवसांनी रमेश जीप घेऊन आला. सासूच्या अंगणात बसून ढसढसा रडला. चुकलो, म्हणाला. गिरजाबाई आईच होती, तिला पाझर फुटला. पुष्पा गेली.

दरम्यान सार्व्यांकडून कुणीतरी वर तक्रार केली असावी, की शाळेतल्या बाई लोकांच्या घरात शिरून नाही नाही ते बोलतात. बाईंची बदली बैहरला झाली. जंगलातलं ठिकाण. त्यांनी ट्रंक बांधली आणि मला एवढंच सांगितलं, "गिरजाबाईकडे जात जा."

मी जात होते. दसरा तोंडावर आलेला. मी गिरजाबाईकडे ब्लाउज टाकायला गेले होते आणि ती पुष्पासाठी शिवलेली झबली दाखवत होती. पुष्पाला दिवस गेले होते. त्याच दुपारी, वारासिवनीत मिल चालू असताना, माडीवर गोळी सुटली. मिलच्या आवाजात खाली कुणाला ऐकूही आली नाही. रमेश स्वतःच जिना उतरून खाली आला आणि हमालांना म्हणाला, "आता बोलत नाही कोनी."

मेंढेबाईंना बैहरला दुसऱ्या सकाळी बसच्या कंडक्टरकडून कळलं. संध्याकाळच्या आत त्या वारासिवनीत होत्या. पुष्पाला आंघोळ त्यांनी घातली. मी तिथे होते, पण मला त्याबद्दल लिहिता येणार नाही.

लगेच बोलणं सुरू झालं. दसऱ्याला पुजायची म्हणून बंदूक साफ करत होता, चुकून सुटली. सार्व्यांच्या माणसांनी हमालांना तेच सांगितलं, शेजाऱ्यांना तेच. बैहरला बाईंकडेही दोघे जण आले. बाईंनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि सांगितलं, "हे वाक्य मी एकदा आइकलं हाय. मले नका शिकवू."

कोर्टात त्या उभ्या राहिल्या तेव्हा खोली खच्चून भरली होती. सरकारी वकिलाने विचारलं ते त्यांनी सगळं सांगितलं. आपण सार्व्यांच्या घरी गेलो होतो, बंदूक मागितली होती, दिली नाही. चुकून सुटली नाही. गिरजाबाई पुढच्या बाकावर बसली होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग आरोपीचा वकील उठला. त्याने विचारलं, तो मुलगा शुद्धीवर होता, असं तुम्हाला वाटतं का?

बाईंनी मान वळवली. पिंजऱ्यात रमेश उभा होता आणि छताच्या पंख्याकडे बघत होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्याले समजत नव्हतं. तो बिमार व्हता. ज्याइले समजत व्हतं, त्याइनं बंदूक त्याच्यापाशी ठेवली."

त्या उत्तराने सगळं फिरलं. नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं असेल, पण गावाला बाईंचंच उत्तर लक्षात राहिलं. रमेशला फाशी झाली नाही, जन्मठेप झाली नाही. त्याला नागपूरच्या मनोरुग्णालयात ठेवायचा हुकूम झाला. कोर्टाच्या पायऱ्यांवर गिरजाबाईने बाईंचा पदर धरला.

"तुमी त्याले वाचवलं," ती ओरडली. "माही पोरगी तुमाले आई मानत होती, अन् तुमी त्याले वाचवलं!"

बाईंनी पदर सोडवून घेतला नाही. ती ओढत राहिली आणि बाई तशाच उभ्या राहिल्या, शेवटी लोकांनी गिरजाबाईला बाजूला नेलं. त्या दिवसापासून गिरजाबाई बाईंशी बोलली नाही. सार्व्यांना तर त्या वैरीच वाटत होत्या. अशी दोन्हीकडून माणसं तुटली.

पुढचं मला बऱ्याच उशिरा कळलं, तेही अपघाताने. नागपूरला माहेरी गेले असताना सीताबर्डीवर बाई दिसल्या, हातात केळी. कुठे, म्हटलं. "रमेशकडे," म्हणाल्या. मी उभीच राहिले. त्या दर सुटीत जात होत्या. सुरुवातीला सार्वे यायचे, मग मुलीचं लग्न झालं आणि येणं थांबलं. रमेश कधी ओळखायचा, कधी नाही. विजेचे झटके दिले की काही दिवस बरा असायचा.

मला राग आला होता, मी लपवला नाही. म्हटलं, "बाई, पुष्पाच्या अंगावरचं रक्त तुम्ही धुतलंत. याचं तोंड तुम्हाला बघवतं कसं?"

"बघवत नाही," त्या म्हणाल्या. रस्त्यावरून सायकलरिक्षा जात होत्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या. "पन मले पाहाचं हाय, कुमुद, का माणूस अथून वापस येते का. विठ्ठलरावाचं मले कवाच समजलं नाही. थोडे दिवस निंगाले असते, तं ते हसले असते का? कोनी सांगत नाही. हा जिता हाय. हा सांगीन कवातरी."

मी त्यांच्याबरोबर गेले नाही. त्यांनी ये म्हटलंही नाही.

पुढे यजमानांची जबलपूरला बदली झाली आणि बालाघाट सुटलं. मेंढेबाई गेल्याचं मला कुणीतरी लग्नात सांगितलं, जेवणाच्या पंगतीत, वाढता वाढता. बैहरला, साध्या तापाने. तिथल्या शाळेला त्या दिवशी सुटी दिली होती म्हणे. अजूनही नव्या घरी पाहुणी म्हणून गेले, की माझी नजर आधी भिंतींवरून फिरते. घरचे समजतात, मी तसबिरी बघते आहे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गोंदियाच्या स्टेशनवर, जबलपूरला सामान हलवण्याच्या आदल्या उन्हाळ्यात. मी नागपूरहून येऊन छोट्या लाइनच्या गाडीची वाट बघत होते. दुपार टळत आलेली. पलीकडच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. एक मेंढेबाई, केस पांढरे झालेले, पाठ मात्र ताठ. दुसरी गिरजाबाई.

मी जवळ गेले. बाईंनी सरकून मला जागा दिली. बाई म्हणाल्या, "नागपूरहून येऊन राह्यलो. गिरजाले त्याले पाहाचं होतं."

"हिनं मले नाही बोलावलं," गिरजाबाई म्हणाली. "मीच गेलती हिच्या दाराशी. एवढे वर्षं झाले, मले झाकल्या डोळ्यानं तोच दिसे. म्हटलं, एकदा उघड्या डोळ्यानं पाहू." तिने पदराने तोंड पुसलं. "मले विचाराचं होतं, काहून मारलं म्हून. रस्ताभर तेवढंच घोकत गेली. तं तो आला, समोर बसला. केस पिकले त्याचे, दात पडले. मले लई वेळ पाह्यलं त्यानं. अन् मंग म्हनते, आई, पुष्पा नाही आली?"

हमाल हातगाडी ढकलत गेला. ती जाईपर्यंत गिरजाबाई थांबली.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी का म्हनू? म्हटलं, नाही आली. घरी हाय. बरी हाय, म्हटलं."

तिने मेंढेबाईंकडे मान वळवली. घाबरलेल्या पोरीसारखी ती त्यांच्याकडे बघत होती. "मी बराबर बोलली का, बाई?"

बाई रुळांकडे बघत होत्या. मग त्यांनी गिरजाबाईच्या मांडीवर हात ठेवला.

"मले नाही समजत, गिरजा," त्या म्हणाल्या. "मी बी हेच म्हटलं असतं."

गाडी फलाटाला लागली. मी माझं सामान उचलायला वळले. परत बघितलं तर दोघी बायकांच्या डब्याकडे चालल्या होत्या, दोघींच्या मध्ये एकच पिशवी, एकेक बंद धरून.